वाकदरीच्या पहाटेच्या नोंदी

वाकदरी, ता. कळमनुरी
९ जून २०२४

प्रिय शौनक,

तुला मागचं पत्र कधी लिहिलं होतं ते डायरीत शोधलं. अकरा वर्षं झाली. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी भराभर बोलून जाते आणि मग दोन दिवस मनात तपासत बसते, की बोलले ते सगळं खरं होतं का. कागदावर आधी तपासता येतं.

दिवाळीत हिंगोलीला मामांकडे मी तुला सांगितलं होतं, की आमच्या गावात जमीन बोलते. सगळे हसले. तू हसला नाहीस, भूकंप हेच तुझं काम. तू एवढंच विचारलंस, “मिनाताई, कुणी लिहून ठेवलंय का?”

ठेवलंय. सोबतच्या तीन रजिस्टरांत ते सगळं आहे.

आवाज कसा असतो ते आधी सांगते. हळदीची पोती भरलेला ट्रक घराखालून जावा तसा. रस्त्यावरून नाही, घराखालून. मग मांडणीवरची भांडी किणकिणतात, कधी तेवढंही नाही. चार-पाच सेकंदांत संपतं. आठ वर्षांपूर्वी सुरू झालं तेव्हा बायका लेकरं घेऊन अंगणात धावायच्या. आता चहा पिणारा माणूस कप खाली ठेवतो, ऐकतो आणि पुन्हा उचलतो. मला मात्र अजून सवय झालेली नाही. शाळेत विज्ञान शिकवते, बी. एस्सी. आहे, पण तो आवाज आला की वर्गात बोलता बोलता थांबते. आपण ज्याच्यावर उभे आहोत ते पोकळ नाही, मुकंही नाही, एवढंच त्या क्षणी कळतं.

लिहून ठेवणारे आहेत पुंजाजीबाबा. वय सदुसष्ट, शिक्षण चौथी. गावालगतच्या तलावावर तीस वर्षं चौकीदार होते. रोज सूर्य उगवला की पाणी मोजण्याच्या पट्टीवर किती फूट, किती इंच ते बघून लिहायचं, हे त्यांचं काम. आवाज सुरू झाले तेव्हा पाण्याच्या नोंदीशेजारी त्यांनी तेही लिहायला घेतलं. निवृत्त झाले तरी रोज सकाळी तलावावर जातात आणि स्वतःच्या वहीत दोन्ही लिहितात. घड्याळ आकाशवाणीच्या बातम्यांना मिळवलेलं असतं. त्यांचे शब्द तीनच: ‘लहान’, ‘मोठा’ आणि ‘भांडी वाजली’.

वह्या पेन्सिलीच्या, पुसट झालेल्या. फोटो नीट येईनात, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सगळं स्वच्छ उतरवून काढलं. एक अक्षरही बदललेलं नाही.

हैदराबादला तुमच्या यंत्रांत यातलं काही सापडतं का, बघशील? गावात त्यांना ‘भूकंपवाला’ म्हणून चिडवतात. त्यांनी मला वह्या देताना विचारलं होतं, “बाई, हैद्राबादवाले तरी खरं मानतील ना?” मी हो म्हणाले. हो म्हणण्याचा मला काय अधिकार होता, कोण जाणे.

तुझी,
मिनाताई

—

हैदराबाद
२ जुलै २०२४

प्रिय मिनाताई,

तुझं अक्षर पाहून आमच्या विभागातल्या दोन मुली रजिस्टर हातातून सोडेनात. मी घरी आणून तीन रविवार बसलो.

तुमच्या भागापासून फार लांब नाही असं आमचं एक केंद्र आहे. जमिनीखाली खड्डा करून यंत्र ठेवलेलं, आसपास झाड पडलं तरी त्याला कळतं. त्याच्या यादीशी मी बाबांच्या नोंदी ताडून पाहिल्या. मिनिटासह वेळ लिहिलेल्या एकूण १०२ नोंदी आहेत.

सकाळपासून रात्री बारापर्यंतच्या नोंदी ४४. त्यांतल्या ३७ आमच्या यादीशी जुळतात. एक-दोन मिनिटांचा फरक, बस. ताई, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

मग मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतच्या नोंदी घेतल्या. त्या ५८ आहेत. जुळतात दोन. त्याही योगायोगाने जुळाव्यात अशा.

तुला वाईट वाटेल, पण लपवणं बरोबर नाही. दिवसा सगळं गाव ऐकतं तेव्हा ते खरं लिहितात. पहाटे साक्षीला कुणी नसतं. म्हातारा माणूस, झोप कमी, आणि कुणीतरी आपलं ऐकावं असं वाटणारा. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण अर्ध्याहून जास्त नोंदी अशा असतील तर वही शास्त्राच्या कामाची राहत नाही.

पावसाळ्यानंतर एक जादा यंत्र कुठेतरी बसवायचं आहे. वाकदरीचं नाव मी पुढे करणार होतो. ऑगस्टअखेर सांगायचं आहे. आज तरी मला तोंड नाही.

शौनक

—

वाकदरी
१४ जुलै २०२४

प्रिय शौनक,

तुझं पत्र वाचलं आणि एक क्षण मला ते पटलं. तो क्षण मी डायरीत लिहून ठेवला आहे. आठ वर्षं ओळखते या माणसाला. शाळेच्या टाकीत मेलेला पक्षी पडला तेव्हा कुणी न सांगता टाकी उपसणारा माणूस. आणि आकडे बघितल्यावर पहिला विचार आला तो हा, की असेलही.

मी सांगायची वेळ निवडायला हवी होती. शाळा सुटली तेव्हा ते फाटकाशीच उभे होते. “काय म्हनलं हैद्राबाद?” मी चाचरत म्हणाले, “बाबा, पहाटेच्या नोंदी तेवढ्या... झोपेत असताना तर नाही ना लिहिल्या?”

आमचे सुरज सर शेजारीच गाडी काढत होते. ते हसून म्हणाले, “बाबा, सपनात भूकंप बघून राहिले का?”

“गुरुजी,” बाबा म्हणाले, “सपनात तर मी तुमाला शिकवताना बी बगतो.”

सगळे हसले, सुरज सरही. बाबा हसले नाहीत. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुमी मला खोटं म्हनून राहिल्या?”

“नाही हो बाबा, यंत्र म्हणतं...”

“यंत्राला मी वळखत न्हाई. तुमाला वळखतो. वह्या द्या माझ्या.”

दिल्या. काखेत धरून गेले. त्यानंतर ते शाळेकडे फिरकले नाहीत.

एक विचारते. चूक तुमच्याकडे नाही ना? तुमची यंत्रं कुठल्या वेळेवर चालतात?

मिनाताई

—

हैदराबाद
२० जुलै २०२४

प्रिय मिनाताई,

तुझी शंका मलाही आली होती. यंत्रं लंडनच्या वेळेवर चालतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ते पुन्हा मिळवून, वजा करून, एकेक नोंद हाताने तपासली. चूक नाही. तशी असती तर दिवसाच्या नोंदीही जुळल्या नसत्या.

मी त्यांना दुखावलं, तेही तुझ्या तोंडून. माफ कर. पण या कामात दया दाखवून चालत नाही. हा विषय आपण इथे सोडू या का?

शौनक

—

वाकदरी
४ ऑगस्ट २०२४

प्रिय शौनक,

सोडू नकोस. चूक सापडली आहे. ती बाबांची नाही, यंत्राची नाही. माझी आहे.

क्रमानं सांगते.

१९ जुलैला दुपारी जमीन बोलली. वर्गातल्या मुलींनी माना वर केल्या. संध्याकाळी मंजुळाबाई, म्हणजे बाबांची बायको, पिठाच्या गिरणीवर भेटल्या. त्यांनी दळणाचा डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “काय बोललात बाई तुमी ह्यांना? आज घरात भांडी वाजली, अन् हे नुसते बसून राहिले. वही उघडंनात. आठ सालात पैल्यांदा.”

मी चार दिवस धीर गोळा केला आणि २३ तारखेला शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गेले. दारात नात होती, प्रतिक्षा, आमच्याच शाळेत सातवीला. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा. बाबांनी कळमनुरीहून आणलेले. तिचा वाढदिवस, म्हणे. मी म्हटलं, “अगं, शाळेच्या दाखल्यावर तुझा वाढदिवस उद्या आहे.”

झालं. मंजुळाबाईंना तेवढंच पाहिजे होतं.

“बगा! बाईबी तेच म्हनतात. दर सालाला ह्यांचं असंच. कागदावर चोवीस हाय, आधारवर चोवीस हाय, दवाखान्यानं चोवीस लिवलं. अन् हे तेवीसला पेढे वाटतात. गाव हसून राहिलं.”

“चोवीस कव्हा लागली?” बाबा आतून ओरडले. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकत होते. “पोरगी झाली चारला. अंधार व्हता. दिस उगायचा व्हता, पट्टी बगायची व्हती. पट्टी बगितल्याबिगर तारीख कशी बदलंल?”

शौनक, मी उंबऱ्यावरच बसले.

तीस वर्षं या माणसाच्या रजिस्टरात नवी ओळ सूर्य उगवल्यावर उघडली. तारीख लिहायची, पाणी लिहायचं, मग पुढच्या उजाडण्यापर्यंत जे घडेल ते त्याच ओळीत. आपल्या ११ तारखेच्या पहाटे तीन वाजता जमीन बोलली तर त्यांच्यासाठी ती १० तारखेची रात्र असते. आपलं घड्याळ मध्यरात्री तारीख बदलतं, तेव्हा वाकदरीत काहीच बदललेलं नसतं. सगळे झोपलेले असतात. तारीख बदलायला कुणी जागंही नसतं.

आता माझी चूक. मी बाबांना म्हटलं, “वही दाखवता का?” त्यांनी दिली नाही. मंजुळाबाईंनी आत जाऊन आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. त्यात सरळ दिसतं. आधी पाणी, मग ‘दुपारी दोन, लहान’, मग शेवटी ‘पहाटे तीन वीस, भांडी वाजली’. पहाट दुपारच्या खाली लिहिलेली आहे. कुणीही बघितलं असतं तर विचारलं असतं, की ही पहाट शेवटी कशी? उत्तर त्या क्रमात होतं.

मी उतरवून काढताना काय केलं, तर तो क्रम लावला. पहाटेच्या नोंदी वर, दुपारच्या खाली. रकाने आखले. मला ते अव्यवस्थित वाटलं, म्हणून मी ‘नीट’ केलं. आणि तुला लिहिलं, एक अक्षरही बदललेलं नाही. अक्षर खरंच बदललं नव्हतं. म्हणून मला त्या वाक्याची कधी शंकाच आली नाही.

बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “म्हंजे तुमी माझी पहाट उचलून कालच्या पहाटेवर ठिवली.”

“हो बाबा.”

“अन् मंग मला इचारलं, की झोपेत व्हता का.”

मी माफी मागितली. त्यांनी पेढा तेवढा दिला. वही अजून बंदच आहे.

पहाटेच्या ५८ नोंदींच्या तारखा एकेक दिवसाने पुढे कर आणि बघ. तारखांची यादी जोडली आहे. या वेळी मंजुळाबाईंनी काढू दिलेले वहीच्या पानांचे फोटोही आहेत, पुसट असले तरी. काय निघेल ते लगेच कळव. त्यांचं खरं-खोटं आता तुझ्या उत्तरावर आहे.

मिनाताई

—

हैदराबाद
१९ ऑगस्ट २०२४

मिनाताई,

एक्कावन्न.

अठ्ठावन्नपैकी एक्कावन्न जुळल्या. मी लंडनचे साडेपाच तास शोधत बसलो आणि वाकदरीचे चोवीस तास माझ्या डोक्यात आले नाहीत. दिवस मध्यरात्री सुरू होतो हे मला निसर्गनियमासारखं वाटत होतं. कुणीतरी कुठेतरी सोयीसाठी ठरवलेली गोष्ट आहे ती.

पुढचं ऐक. उरलेल्या सातांसाठी मी यंत्राचा मूळ आलेख काढला. यादी संगणक तयार करतो, फार बारीक हालचाल तो गाळतो. सातपैकी चार ठिकाणी, बाबांनी लिहिलेल्या मिनिटाला, ती रेघ थरथरलेली आहे. केसाएवढी. आमच्या संगणकाने जे ऐकलं नाही ते या माणसाने अंथरुणात पडून ऐकलं आणि उठून लिहिलं. मी विभागप्रमुखांना आलेख दाखवला. ते म्हणाले, “यंत्र तिथेच बसवा.”

आता दुसरी गोष्ट. ती मी शोधायला गेलो नव्हतो. वहीत आवाजाशेजारी पाणी आहे, रोजचं, आठ वर्षांचं. असं जोडीने लिहिलेलं जगात फार कमी ठिकाणी सापडतं. दोन्ही एका कागदावर काढलं. तलाव भरला की तीन-चार आठवड्यांनी आवाज वाढतात. पाणी उतरलं की कमी होतात. ज्या वर्षी तलाव भरलाच नाही त्या वर्षी सबंध हंगामात दोन नोंदी आहेत.

ताई, तुमची जमीन तलावामुळे बोलते.

भरल्या तलावात दोन कोटी टन पाणी असतं. ते वजन खडकावर येतं आणि पाणी भेगांतून खाली झिरपत, दाबत जातं. तीन-चार किलोमीटर खोल, मुळात ताणलेला एखादा खडक केसभर सरकतो. हे धक्के लहान आहेत. मोठा होईल असं म्हणायला आज आधार नाही, होणारच नाही असंही कुणी म्हणू शकत नाही. यंत्र त्यासाठीच हवं.

रात्री तो आलेख भिंतीला लावून बसलो होतो. माणसांनी बांध घातला, पाणी अडवलं, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडाने कूस बदलली. मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते काही वेगळंच.

बाबांना सांग. दोन्ही सांग.

शौनक

—

वाकदरी
१ सप्टेंबर २०२४

प्रिय शौनक,

पहिलं सांगितलं. दुसरं जमलं नाही.

तुझं पत्र घेऊन गेले तेव्हा बाबा अंगणात येणाऱ्या पोळ्यासाठी बैलांची शिंगं रंगवत होते. मी म्हटलं, “बाबा, अठ्ठावन्नात एक्कावन्न बराबर निघाल्या.”

ब्रश तसाच धरून त्यांनी विचारलं, “अन् सात?”

“त्यातल्या चार नंतर सापडल्या. तीन नाही सापडल्या.”

“त्या टायमाला हैद्राबादला झोप लागली आसंल,” ते म्हणाले आणि पुन्हा शिंग रंगवू लागले. पण कान लाल झाले होते. मंजुळाबाई स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाल्या, “आता तेवीसला खुशाल पेढे वाटा!” दुसऱ्या दिवशीपासून वही उघडली आहे.

तलावाचं का सांगितलं नाही, ते सांगते. तुला माहीत नाही, मीही आधी लिहिलं नव्हतं. तो तलाव त्यांनी बांधला आहे. बाहत्तरच्या दुष्काळात इथे रोजगाराचं काम निघालं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. दीडशे माणसं, डोक्यावर टोपली, अर्धपोटी. मंजुळाबाई तेव्हा शेजारच्या गावची पोरगी. त्या खोऱ्याने टोपलं भरायच्या, बाबा उचलायचे. लग्न त्यातूनच जमलं. बांध पुढे वर्षानुवर्षं रखडला, दहा वर्षांपूर्वी उंची वाढवून दरवाजे बसवले आणि दोन वर्षांनी तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला. वाकदरीत आज जी हळद आहे ती त्या पाण्याची. माझ्या शाळेतल्या मुली बाळापूरच्या कॉलेजला जातात तेही त्या पाण्यावर.

या माणसाच्या आयुष्यात अभिमानाची गोष्ट एकच आहे. आणि मी जाऊन सांगू, की बाबा, तुम्ही ज्याला आठ वर्षं भीत भीत लिहून ठेवलंत, ते तुम्हीच केलंत?

न सांगणं म्हणजे दया आहे, असं काल डायरीत लिहिलं. आज ते खोडलं. त्यांना झेपणार नाही असं मी परस्पर ठरवते आहे. एकदा परस्पर ठरवून काय झालं ते आपण पाहिलं. तरी धीर होत नाही. तू असतास तर काय केलं असतंस?

मिनाताई

—

हैदराबाद
९ सप्टेंबर २०२४

प्रिय मिनाताई,

मी असतो तर कदाचित मीही टाळलं असतं. पण वही त्यांची आहे. तिच्यातून निघालेली गोष्ट आपल्या दोघांना माहीत आणि त्यांना नाही, हे मला चोरीसारखं वाटतं.

एक गोष्ट हाती घेऊन जा. तलाव झपाट्याने भरला त्या दोन वर्षी आवाज सगळ्यांत जास्त आहेत. हळूहळू भरला त्या वर्षी पाणी तेवढंच चढूनही आवाज निम्मे. आठ वर्षांवरून छातीठोक सांगता येत नाही, पण इतर ठिकाणीही असं दिसलेलं आहे. म्हणजे तलाव असावा की नसावा, एवढाच प्रश्न नाही.

यंत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेऊन येतोय. खड्डा कुठे करायचा ते बाबांनी ठरवायचं.

शौनक

—

वाकदरी
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय शौनक,

सांगितलं. परवा संध्याकाळी, तलावाच्या भिंतीवरच.

बाबांसोबत थावरा होते. तांड्यावरचे, बाबांच्याच वयाचे, त्या दीडशे माणसांतले. मंजुळाबाई सोडल्या तर आता गावात त्यांच्यातले हे दोघंच चालते-फिरते उरलेत. पाणी दरवाज्याच्या वरच्या खुणेला टेकायला आलं होतं. मी बसले आणि तू लिहिलं होतंस तसं सगळं सांगितलं. वजन, भेगा, खडकाचं केसभर सरकणं. काही गाळलं नाही, काही नीट केलं नाही.

बाबा पाण्याकडे बघत राहिले. थावरांनी विचारलं, “किती खोल म्हनल्या?”

“चार किलोमीटर.”

“म्हंजे हितून तांड्यापस्तोर जेवढं, तेवढं उभं खाली?”

“हो.”

“अन् ते आमच्यामुळं?”

मी घाईघाईने म्हणू लागले, की तुमचा दोष नाही, तुम्हाला काय माहीत, त्या वेळी कुणालाच... बाबांनी हात वर केला.

“थांबा बाई.” मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. “आमचा मुकादम व्हता. मी टोपलं घेऊन चाललो की वरडायचा, मुंगीवानी चाललास, तुझ्यानं काय व्हनार हाय! बराबरच व्हतं त्याचं. पोटात काय नसायचं. ह्या बांधाकडं बगून मलाबी वाटायचं, माझ्या टोपल्यानं काय फरक पडनार.” ते थांबले. “अन् तिला कळलं? तितक्या खाली? आमच्या टोपल्याचं?”

“हो बाबा. कळलं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शौनक, मी तिथे दुःख बघायच्या तयारीने गेले होते. त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. दोन दिवस डायरीत तेवढी ओळ कोरी आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीने आपल्याला ओळखलं, असं काहीतरी.

थावरा एकदम हसायला लागले. दात नसलेल्या तोंडाने, खांदे हलवत. “पुंजा,” म्हणाले, “आपन मुंग्या न्हवतो रे!”

बाबाही हसले. मग हसू गेलं. “पैल्यांदा काठोकाठ भरला तव्हा दरवाजे माझ्या हाती व्हते,” ते म्हणाले. “वरून हुकूम आला, लवकर लावा. मीबी घाई केली. साऱ्या तालुक्यात पैला आमचा भरला. सायबानं सगळ्यांपुढं शाबास म्हनलं.” त्यांनी भिंतीवर हात ठेवला. “मंग आता काय? फोडायचा का?”

“नाही बाबा. शौनक म्हणतो, हळू भरला तर आवाज निम्मे होतात. नक्की नाही, पण तुमच्याच वहीत तसं दिसतं.”

“माझ्या वहीत?”

“तुमच्याच.”

“मंग अर्ज लिवायचा,” ते उठत म्हणाले. “दरवाजे इथून पुढं घाईनं लावू नयेत म्हनावं. उद्या तुमाला टाइम हाय?”

काल सकाळी पाणी मोजून ते थेट माझ्याकडे आले. मी लिहायला बसले. एका ठिकाणी मी सुचवलं, की इथे ‘भूगर्भीय कारणास्तव’ असं लिहू, ऑफिसात तेच चालतं. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. “मंग मी तेच तर म्हनून राहिलो,” ते म्हणाले. मी पेन खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. तुझ्या आलेखाची प्रत जोडली. उद्या हिंगोलीला स्वतः नेऊन देणार आहेत, पोच घेतल्याशिवाय परतणार नाहीत असं मंजुळाबाईंना सांगून ठेवलंय. ऑफिस काय करील, ठाऊक नाही. हसतीलही. अर्जाची नक्कल खाली देते.

तुझी,
मिनाताई

“मेहेरबान साहेबांस, वाकदरीचा पुंजाजी, तलावाचा जुना चौकीदार, याचा नमस्कार. ह्या तलावाची माती मी अन् माझ्या बायकोनं वाहिली, म्हणून लिहायचा हक आहे. पाणी आमाला पाहिजे. तलाव दर साल भरावा, काठोकाठ भरावा. पण घाईनं भरू नये. दरवाजे थोडे थोडे लावावे, मधी चार-आठ दिवस थांबावं, पाणी रोज मोजावं. खाली जमीन जिती आहे. आमी तिच्यावर एवढं वजन ठेवलं ते तिला कळलं आहे, तिनं आठ साल सांगितलं, मी लिहून ठेवलं आहे. वजन काढा म्हणत नाही. तिला अंग सावरायला वेळ द्यावा.”